विश्लेषण : पेशीतला ‘इंधनकाटा’ दिसतो कसा? मालवणच्या कुर्लीपासून मधुमेहाच्या गोळीपर्यंत…

ऊर्जा कमी पडू लागली की पेशीत एक विकर जागे होते. त्याचे नाव एएमपीके. ते डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. प्रयोगशाळेत ते बहुतेक वेळा दिसते ते एका अँटिबॉडीच्या मदतीने. ही अँटिबॉडी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजले तर समुद्राच्या वाढत्या तापमानापासून मोबाइलवरच्या गोळ्यांच्या जाहिरातींपर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

विषय महत्त्वाचा का?

‘एएमपीके’ ही चार अक्षरे आता केवळ संशोधकांची राहिलेली नाहीत. वजन घटवणाऱ्या, साखर कमी करणाऱ्या, वय रोखणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींत ‘एएमपीके सक्रिय करते’ असा दावा सर्रास दिसतो. मधुमेहासाठी घराघरांत घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनच्या माहितीतही हे नाव येते. दुसरीकडे सागरी जीवांचे अभ्यासक हेच विकर मोजून खेकडे आणि शिंपल्यांना उष्णतेचा त्रास कधी सुरू होतो, हे शोधतात.

मालवण किनाऱ्याला हा दुसरा भाग जवळचा आहे. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे. तिथल्या प्रवाळांचे विरंजन होत असल्याची नोंद गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. प्रवाळ पांढरे पडले की ते पाणबुड्यालाही दिसते. पण खाडीतली कुर्ली किंवा खडपावरचे कालव रंग बदलून त्रास सांगत नाही. त्यांच्या पेशींतच डोकवावे लागते.

एएमपीके म्हणजे नेमके काय?

पेशीचे चलन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. स्नायू हलवणे, क्षार आत-बाहेर करणे, नवी प्रथिने बांधणे, अशा प्रत्येक कामासाठी एटीपी खर्च होतो. खर्च झाला की त्याचा एडीपी होतो. एडीपी साठू लागला की पेशी दोन एडीपी जोडून एक एटीपी परत मिळवते, पण त्या व्यवहारात एएमपी नावाचा तिसरा रेणू उरतो. म्हणजे एटीपी थोडासाच घटला, तरी एएमपी कितीतरी पटींनी वाढतो. खिशातली शंभराची नोट मोडल्यावर सुट्ट्या नाण्यांचा आवाज वाढावा, तसे हे आहे. पेशी हा आवाज ऐकते. ऐकण्याचे काम एएमपीके करते.

स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात ग्रॅहम हार्डी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या विकराची ओळख पक्की केली आणि त्याला हे नाव दिले. ते जागे झाले की पेशीचा जमाखर्च बदलतो. चरबी, कोलेस्टेरॉल आणि प्रथिने बनवण्यासारखी खर्चिक कामे आवरती घेतली जातात. साखर आत घेणे, साठलेली चरबी जाळणे ही ऊर्जा मिळवून देणारी कामे वेग घेतात. घरात पैशाची चणचण भासली की बांधकाम थांबवून आधी वाणसामानाकडे बघावे, तसा हा हिशेब. हे विकर माणसात आहे, माशात आहे, खेकड्यात आहे. यीस्ट आणि वनस्पतींतही त्याची भावंडे आहेत.

तीन उपघटक, तीन कामे

एएमपीके हे एकसंध प्रथिन नाही. अल्फा, बीटा आणि गॅमा असे तीन उपघटक मिळून ते बनते. गॅमा हा खरा काटा. एएमपी येऊन चिकटतो तो त्यालाच. बीटा हा तिघांना बांधून ठेवणारा सांगाडा आहे आणि तो ग्लायकोजेन या साठवलेल्या साखरेलाही चिकटू शकतो. अल्फा हा काम करणारा हात. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारून तो त्यांना चालू किंवा बंद करतो.

माणसात अल्फाचे दोन प्रकार, बीटाचे दोन आणि गॅमाचे तीन आहेत. म्हणजे एकूण बारा जोडण्या शक्य होतात. यकृत, हृदय, स्नायू यांत त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते. त्यामुळे ‘एएमपीके मोजले’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. कोणता उपघटक मोजला, कोणत्या अवयवात मोजला आणि तो चालू होता की बंद, हे तीन प्रश्न लगेच विचारावे लागतात.

‘चालू’ असण्याची मुख्य खूण अल्फा उपघटकावर असते. त्याच्या साखळीत १७२व्या क्रमांकावर थ्रिओनिन हे अमिनो आम्ल आहे. त्यावर फॉस्फेट बसले की विकराची क्षमता शंभर पटींहून अधिक वाढते. हे फॉस्फेट बसवण्याचे काम मुख्यतः एलकेबी-१ नावाचे दुसरे विकर करते. एएमपी चिकटला की ते फॉस्फेट टिकून राहायला मदत होते.

अँटिबॉडी हेच साधन का?

पेशी फोडली की हजारो प्रकारच्या प्रथिनांचा रस्सा हाती येतो. त्यातून एक उपघटक वेगळा ओळखायचा, तर फक्त त्यालाच जाऊन चिकटेल असे काहीतरी हवे. हे काम अँटिबॉडी करते. मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात.

कोकणातल्या वाचकाला ती अनोळखी नाही. फुरसे चावल्यावर दिली जाणारी सर्पदंशावरची लस म्हणजे घोड्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडेच असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाचे अगदी छोटे डोस घोड्याला दिले जातात. घोडा त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतो आणि ती शुद्ध करून कुपीत भरली जातात. मुंबईच्या हाफकिनची ही ओळख जुनी आहे. गरोदरपणाची घरगुती चाचणी, डेंग्यू-मलेरियाची पट्टी यांतही रेघ उमटते ती प्रतिपिंडांमुळेच.

एएमपीकेसाठी हीच पद्धत छोट्या प्रमाणात वापरली जाते. अल्फा उपघटकाचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत बनवून सशाला टोचला जातो. सशाच्या रक्तात त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पण हा अनेक प्रतिपिंडांचा मिसळा असतो आणि ससा बदलला की मिसळाही बदलतो. १९७५ मध्ये जॉर्ज कोलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी यावर मार्ग काढला. प्रतिपिंड बनवणारी पेशी त्यांनी कर्करोगाच्या, म्हणजे न थांबता वाढणाऱ्या पेशीशी जोडली. या जोडपेशीतून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. त्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आता त्याच्याही पुढची पायरी आहे. प्रतिपिंडाचा जनुकीय नकाशाच नोंदवून ठेवायचा आणि त्यावरून दर वेळी तेच प्रतिपिंड बनवायचे.

कुर्लीच्या पेशीला विचारायचे कसे?

समजा, मालवणच्या खाडीतल्या कुर्लीला उष्णतेचा ताण येतो का, हे तपासायचे आहे. काम सुरू होते ते घाईने. प्राणी मेल्यावर रक्तपुरवठा थांबतो, ऊर्जा संपू लागते आणि एएमपीके आपोआप चालू होते. म्हणजे नमुना काढण्यात वेळ गेला, तर उष्णतेऐवजी आपल्याच दिरंगाईचे मोजमाप होते. म्हणून हृदयाचा किंवा स्नायूचा तुकडा काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकून गोठवतात.

पुढे तो कुटून त्यातली प्रथिने वेगळी करतात आणि जेलीसारख्या पातळ थरातून विजेच्या साह्याने पळवतात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती जशीच्या तशी एका पातळ पडद्यावर उतरवतात. पडद्याच्या रिकाम्या जागी अँटिबॉडी उगाच चिकटू नये म्हणून तो आधी एखाद्या प्रथिनाच्या द्रावणात भिजवतात. अनेक प्रयोगशाळांत त्यासाठी चक्क साय काढलेल्या दुधाची पावडर वापरतात. नंतर अल्फा उपघटकाची अँटिबॉडी सोडतात. ती आपल्या जागी चिकटली की तिला पकडणारी दुसरी अँटिबॉडी घालतात. या दुसरीला प्रकाश निर्माण करणारे विकर जोडलेले असते. शेवटी पडद्यावर एक पट्टी उजळते. अल्फा उपघटक सुमारे ६२ किलोडाल्टन वजनाचा असल्याने पट्टी त्याच उंचीवर दिसायला हवी.

या पद्धतीला ‘वेस्टर्न ब्लॉट’ म्हणतात. तिचा पश्चिम दिशेशी संबंध नाही. डीएनएसाठी अशी पद्धत शोधणाऱ्या संशोधकाचे आडनाव सदर्न होते. प्रथिनांच्या पद्धतीला गमतीने ‘वेस्टर्न’ म्हटले गेले आणि नाव टिकले.

‘किती आहेत’ आणि ‘किती चालू आहेत’ यांत फरक काय?

बंदरात पन्नास होड्या नांगरलेल्या असतील, तर त्यावरून किती समुद्रात जाळी टाकत आहेत हे कळत नाही. अल्फा उपघटकाच्या साध्या अँटिबॉडीचे असेच आहे. ती पेशीत उपघटक किती आहे, ते मोजते. चालू किती आहेत ते सांगायला दुसरी अँटिबॉडी लागते. १७२व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसले असेल, तरच चिकटणारी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तरच अर्थ लागतो.

याचे बोलके उदाहरण खेकड्याचेच आहे. अमेरिकेतील मेन राज्यातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात मार्कस फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी उत्तर अटलांटिकमधील खडक-खेकड्यावर प्रयोग केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याचे तापमान १२ अंश सेल्सिअसपासून ३० अंशांपर्यंत तासाला ६ अंश या वेगाने वाढवत नेले. १८ अंशांपर्यंत हृदयातल्या एएमपीकेची सक्रियता स्थिर होती. त्यानंतर ती वाढत गेली आणि सुमारे नऊ पटींपर्यंत पोहोचली. याच काळात एएमपीके प्रथिनाचे एकूण प्रमाण मात्र लक्षणीय बदलले नाही. म्हणजे ज्याने फक्त ‘किती आहे’ एवढेच मोजले असते, त्याने ‘खेकडा मजेत आहे’ असा निष्कर्ष काढला असता.

आणखी एक गोष्ट दिसली. उष्णतेचा ताण ओळखण्यासाठी संशोधक एरवी एचएसपी-७० नावाचे ‘उष्माघात प्रथिन’ मोजतात. तापमान चढत असताना त्याचेही प्रमाण फारसे हलले नाही. धोक्याची पहिली सूचना एएमपीकेने दिली होती. १८ अंशांपलीकडे जीव मरत नाही, पण वाढ आणि प्रजनन यांसाठी त्याच्याकडे उरणारी ऊर्जा कमी होऊ लागते.

माणसासाठी बनवलेली अँटिबॉडी कुर्लीला चालते का?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँटिबॉडी माणूस, उंदीर यांच्या प्रथिनांसाठी बनवलेल्या असतात. खेकड्यावर त्या वापरता येतील का, हे एका साध्या गोष्टीवर ठरते. अँटिबॉडी ज्या छोट्या तुकड्याला ओळखते, तो तुकडा खेकड्यातही तसाच आहे का? १७२व्या थ्रिओनिनच्या आसपासचा भाग विकराच्या कामासाठी इतका कळीचा आहे, की उत्क्रांतीच्या प्रवासात तो फारसा बदललेला नाही. त्यामुळे तिथली अँटिबॉडी दूरच्या प्राण्यांतही चालण्याची शक्यता चांगली असते. अल्फाच्या शेपटाकडच्या भागाविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीबाबत तशी आशा धरता येत नाही.

पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. किल्ली कुलपात शिरली, म्हणून ते कुलूप आपल्याच घराचे असते असे नाही. खेकड्यात त्याच वजनाचे दुसरे एखादे प्रथिन असेल आणि अँटिबॉडी त्यालाच चिकटत असेल, तर पडद्यावर पट्टी तितकीच सुबक दिसेल.

म्हणून तपासण्या कराव्या लागतात. फॉस्फेट काढून टाकणारे विकर नमुन्यात घातल्यावर ‘चालू’ची पट्टी नाहीशी झाली पाहिजे. ज्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली तोच तुकडा आधी तिला खाऊ घातला, तर ती पडद्यावर चिकटता कामा नये. उंदरात किंवा मानवी पेशीत अल्फाचे जनुकच काढून टाकता येते. तिथे पट्टी उमटली, तर अँटिबॉडी खोटे बोलते आहे. दोन वेगळ्या तुकड्यांविरुद्ध बनवलेल्या दोन अँटिबॉडींनी एकच उत्तर दिले, तर भरवसा वाढतो. शिवाय एएमपीके ज्या एसीसी नावाच्या प्रथिनावर शिक्का मारते, त्यावरही शिक्का वाढलेला दिसतो का, हे पाहणे उत्तम. काटा हलला आणि यंत्रही हलले, असा तो दुहेरी पुरावा.

चुकीची अँटिबॉडी किती महाग पडते?

हा केवळ काटेकोरपणाचा आग्रह नाही. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुक्थुन यांनी शंभराहून अधिक संशोधकांच्या पाठिंब्याने आवाहन केले, की संशोधनातील अँटिबॉडी त्यांच्या जनुकीय नकाशासह नोंदवल्या जाव्यात. चुकीच्या अँटिबॉडींवर पैसा आणि वेळ वाया जातो, ही त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग सुचवले.

२०२३ मध्ये कॅनडातून चालणाऱ्या ‘वायकेरॉस’ उपक्रमाने मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या. जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारी ठेवून ही पारख केली गेली. आपले प्रथिन ओळखू न शकणाऱ्या अँटिबॉडी वापरून केलेले शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर सापडले. चांगली बाब म्हणजे जनुकीय नकाशावरून बनवलेल्या अँटिबॉडी इतरांपेक्षा सरस ठरल्या आणि काही उत्पादकांनी निकाल पाहून आपली निकामी उत्पादने मागे घेतली.

महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी तर हा खर्चाचाही प्रश्न आहे. अशी कुपी मायक्रोलिटरमध्ये मोजली जाते, थंडीत जपावी लागते आणि बहुधा परदेशातून येते. ती चुकीची निघाली, तर संशोधक विद्यार्थ्याचे महिनेच्या महिने जातात. म्हणूनच खरेदीआधी कुपीच्या माहितीपत्रकावर तीन गोष्टी बघायला सांगितले जाते. कोणत्या तुकड्याविरुद्ध बनवली, कोणत्या प्राण्यांत तपासली आणि जनुक नसलेल्या पेशीवर पारखली आहे का.

मेटफॉर्मिनची गोष्ट काय शिकवते?

मेटफॉर्मिन १९५७ पासून युरोपात आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत मधुमेहासाठी वापरले जाते. ते साखर कमी करते हे रुग्णांवरून सिद्ध झाले होते. कसे करते, हे मात्र उशिरापर्यंत कोडे होते. २००१ मध्ये यकृताच्या पेशींवरील प्रयोगांत दिसले की मेटफॉर्मिन दिल्यावर एएमपीके चालू होते. उत्तर सापडले, असे वाटले. पाठ्यपुस्तकांतही ते गेले.

पण २०१० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी यकृतातून एएमपीकेच काढून टाकलेल्या उंदरांना मेटफॉर्मिन दिले. तरीही साखर उतरली. म्हणजे एएमपीके चालू होते हे खरे होते, पण साखर उतरण्याचे ते एकमेव कारण नव्हते. मेटफॉर्मिन पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचा वेग कमी करते, त्यामुळे एटीपी घटतो. एएमपीके जागे होते ते त्यामुळे. साखर कमी होण्याच्या इतर वाटाही त्याच घटनेतून निघतात. आजही या औषधाच्या कामाची पूर्ण साखळी उलगडण्याचे काम चालू आहे.

रुग्णासाठी याने काही बदलत नाही. गोळी काम करते, हे माणसांवरील चाचण्यांनी दाखवले आहे. डॉक्टर तिचा परिणाम एएमपीकेवरून नव्हे, रक्तातली साखर आणि एचबीए-वन-सी या चाचण्यांवरून मोजतात. म्हणून ‘मेटफॉर्मिनपेक्षा जास्त एएमपीके वाढवणारे’ काही हाती आले, म्हणून डॉक्टरांची गोळी सोडणे धोक्याचे आहे.

‘एएमपीके सक्रिय करणाऱ्या’ गोळ्यांचे काय?

जाहिरातीत गृहीत असते, की एएमपीके चालू झाले म्हणजे चांगलेच झाले. विज्ञान इतके सरळ नाही. दारुहळदीसारख्या वनस्पतींतून मिळणारे बर्बेरीन आणि द्राक्षांच्या सालीतले रेझ्वेरॅट्रॉल ही ठळक उदाहरणे. प्रयोगशाळेत दोन्हींमुळे एएमपीके चालू होते. पण ते थेट विकराला चिकटून नव्हे. दोन्ही पदार्थ पेशीच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणतात. पेशीला चणचण भासते, म्हणून काटा हलतो. गाडीच्या डॅशबोर्डवर इंधनाचा लाल दिवा लागला, तर दिवा चांगला चालतो म्हणून आपण आनंद मानत नाही.

काटा सतत चढा राहणे घातकही ठरू शकते. हॅम्पशायर जातीच्या डुकरांत गॅमा उपघटकातील एका बदलामुळे स्नायूंत ग्लायकोजेन अतोनात साठते आणि मांसाची प्रत घसरते. त्या जनुकाचा शोध २००० मध्ये लागला. माणसात गॅमाच्याच दुसऱ्या प्रकारातल्या बदलांमुळे हृदयाच्या स्नायूत ग्लायकोजेन साठते आणि ठोक्यांची लय बिघडते. हा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. पण ‘जास्त चालू म्हणजे जास्त आरोग्य’ हे समीकरण तो मोडून काढतो.

व्यायामातही एएमपीके चालू होते. धावताना, पोहताना, रापण ओढताना स्नायूतला एटीपी खर्च होतो आणि काटा हलतो. फरक असा, की काम थांबले, जेवण झाले की तो पुन्हा जागेवर येतो. त्या हलण्यासोबत स्नायू, हृदय आणि रक्तवाहिन्यांना मिळणारा बाकीचा लाभ कुपीत भरता येत नाही.

म्हणून अशी जाहिरात समोर आली, की तीन प्रश्न विचारावेत. हे पेशींवर दिसले, उंदरांत दिसले की माणसांत? मोजले ते काय – अँटिबॉडीने उजळलेली पट्टी, की रुग्णांची साखर, वजन, हृदयविकार? आणि पट्टीच असेल, तर ती ‘किती आहे’ची की ‘किती चालू आहे’ची? पहिल्याच प्रश्नावर बहुतेक दावे अडखळतात.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी याचा अर्थ काय?

सिंधुदुर्गात खाडीत खेकडे आणि कालवे वाढवण्याचे काम बचत गटांनी हाती घेतले आहे. केंद्र व राज्य सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून गेल्या दशकात त्याला चालना मिळाली. या व्यवसायात कुर्ली जिवंत विकली जाते. मेलेल्या कुर्लीला गिऱ्हाईक नाही, कारण ती झपाट्याने खराब होते. मे महिन्यातले तापलेले उथळ पाणी, पावसाळ्यात एकदम घटणारा खारेपणा, नांग्या बांधून टोपलीत केलेला प्रवास या सगळ्यांची किंमत कुर्ली ऊर्जेतच मोजते. ओहोटीला उघडे पडणारे कालवही शिंपले मिटून, काटकसरीने तास काढते.

अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या खेकड्याचा १८ अंशांचा उंबरठा मालवणला लागू होणार नाही. इथले जीव मुळातच उबदार पाण्याला सरावलेले आहेत. पण पद्धत तीच. तापमान, खारेपणा, हवेत काढलेले तास एकेक करून बदलायचे, नमुना लगेच गोठवायचा आणि पारखलेल्या दोन अँटिबॉडींनी ‘किती’ व ‘किती चालू’ हे दोन्ही मोजायचे. त्यातून तळ्यात पाणी कधी बदलावे, सावली कधी धरावी, टोपलीत किती तास सुरक्षित, यांची उत्तरे जीव दगावण्याआधी मिळू शकतात. मरतूक मोजून मिळणारे उत्तर नुकसान झाल्यावरचे असते.

असे काम उभे करायला लागणारी साधने फार दूर नाहीत. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र पेशी जतन करून देशभरातील प्रयोगशाळांना पुरवते. गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे. किनाऱ्यावर कुर्लीची नस ओळखणारे मच्छीमार आहेत. ओले गोणपाट टाकून, सावलीत ठेवून कुर्ली जिवंत कशी न्यायची हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. पेशीतला काटा या अनुभवाला आकडा देऊ शकतो. त्याआधी त्या काट्यावर बोट ठेवणारी अँटिबॉडी खरी आहे ना, हे मात्र तपासून घ्यावे लागेल.